बाटलीवर नजर, कपाकडे दुर्लक्ष: शाळकरी मुलांचे कॅफीन कसे मोजावे

गोव्यातल्या बऱ्याच शाळा सकाळी पावणेआठ-आठला भरतात, म्हणजे नववी-दहावीतल्या मुलाला सहाच्या सुमारास उठावे लागते. उठल्यावर पोदेराकडचा (पाववाल्याकडचा) पाव किंवा काकण आणि कपभर चहा. दीड-दोनला घरी येऊन जेवण, मग डुलकी. चारला उठला की पुन्हा चहा. पाचला शिकवणी; तिथे जाताना किंवा सुटल्यावर मित्रांबरोबर गाड्यावर वीस-पंचवीस रुपयांची ‘एनर्जी’वाली बाटली. परीक्षा जवळ आली असेल तर रात्री जेवणानंतर मगभर कॉफी, आणि तीही आईनेच करून दिलेली, कारण पोर जागून अभ्यास करते आहे याचे घरात कौतुक असते.

या घरात विचारा, मुलगा कॅफीन किती घेतो? ‘आमचा तो कॉफी क्वचितच पितो’, असे उत्तर येईल. ते खोटे नसते. पण बेरीज करून पाहू. दोन कप चहाचे साधारण ८० मिलिग्रॅम, बाटलीचे ७०, मगभर कॉफीचे ६०. झाले २१०. मुलाचे वजन ४८ किलो असेल तर त्याच्यासाठी दिवसाची वरची मर्यादा १४४ च्या आसपास येते. ही मर्यादा कुठून आली ते पुढे येईलच. आधी हे पाहा की यातला एकही घोट चोरून घेतलेला नाही, आणि २१० पैकी १४० मिलिग्रॅम घरच्या ओट्यावरच तयार झाले आहे. पालकांचे लक्ष असते ते लाल-निळ्या बाटलीवर. ती पुरेशी वाईट आहेच. पण मोजणी कपापासून सुरू केली नाही तर बाटली बंद करूनही झोपेची तक्रार तशीच राहते, आणि मग ‘बंद केले तरी काही फरक पडला नाही’ म्हणून सगळेच सोडून दिले जाते.

झोप जाते म्हणजे नेमके काय होते

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचा पदार्थ हळूहळू साठत जातो. मेंदूतल्या पेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात. तिथे जाऊन तो बसला की पेशींचे काम मंदावते आणि आपल्याला पेंग येते. कॅफीनच्या रेणूची ठेवण अ‍ॅडिनोसिनशी इतकी मिळतीजुळती असते की तो त्याच जागांवर जाऊन बसतो, पण पेंगेचा निरोप मात्र देत नाही. भरलेल्या बसमध्ये खिडकीतून रुमाल टाकून जागा अडवतात, तसाच हा प्रकार. रुमाल आहे तोवर उतारू उभे राहतात. ते बसमधून उतरून गेलेले नसतात, उलट दर थांब्याला आणखी चढत असतात. रुमाल उचलला गेला की सगळे एकदम बसतात. चहा-कॉफीचा असर उतरल्यावर थकवा असा अंगावर कोसळतो तो याचमुळे. कॅफीन थकवा घालवत नाही आणि ताकदही देत नाही, थकव्याची खबर तेवढी अडवून ठेवते. बाटलीवरचा ‘एनर्जी’ हा शब्द आहारशास्त्राच्या दृष्टीने फक्त त्यातल्या साखरेला लागू पडतो. २५० मिलीच्या काही डब्यांत ती २५ ग्रॅमच्या वर, म्हणजे पाच चमच्यांहून जास्त असते.

पोटात गेलेले कॅफीन पाऊण तासाच्या आत जवळपास सगळे रक्तात उतरते. बाहेर पडायला मात्र ते फार वेळ घेते. सरासरी पाच तासांनी त्यातले निम्मे अंगात शिल्लक असते, आणखी पाच तासांनी त्याच्या निम्मे. पाचला शिकवणीच्या वाटेवर ७२ मिलिग्रॅमची बाटली प्यायली, तर रात्री दहाला ३६ आणि पहाटे तीनला १८ मिलिग्रॅम उरलेच. त्यावर नऊची कॉफी चढवली की दहाला अंथरुणावर पडणाऱ्या मुलाच्या रक्तात एका पूर्ण बाटलीहूनही जास्त कॅफीन असते. तो ‘झोप येत नाही’ म्हणून मोबाइल हातात घेतो, पालक मोबाइलला दोष देतात, आणि संध्याकाळच्या बाटलीचा संबंध कोणाच्याच डोक्यात येत नाही.

पाच तास ही सरासरी झाली. यकृतातले जे विकर (एन्झाइम) कॅफीन मोडते ते कोणात जलद चालते, कोणात सावकाश. त्यामुळे कोणाला तीन तास पुरतात, कोणाला सात लागतात. ‘मी रात्री कॉफी पिऊनही घोरतो’ असे म्हणणाऱ्या बाबांचा दाखला मुलाला लागू होईलच असे नाही. काही औषधे हे विकर अडवतात. सिप्रोफ्लॉक्सासिन हे नेहमीचे प्रतिजैविक त्यातलेच. मासिक पाळीच्या तक्रारींसाठी मुलींना कधीकधी ज्या हार्मोनच्या गोळ्या देतात (गर्भनिरोधक म्हणून वापरतात त्याच), त्यांनीही कॅफीन बाहेर पडायचा वेळ जवळपास दुप्पट होऊ शकतो. अशी गोळी सुरू झाल्यावर मुलीला नेहमीच्याच चहाने धडधडायला लागले, तर कारण हे असू शकते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मोठ्या माणसांना झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिले, तेव्हा त्यांची झोप तासाभराहून अधिक घटली. मात्रा मोठी होती हे खरे, पण माणसेही मोठी होती.

मुलांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. वयात येताना शरीराचे घड्याळच तास-दोन तास पुढे सरकते. झोपेची चाहूल देणारे मेलाटोनिन उशिरा स्रवू लागते. त्यामुळे तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला नऊला झोप येत नाही, यात त्याचा हट्ट नसतो. १३ ते १८ या वयात ८ ते १० तासांची झोप लागते. सहाला उठायचे असेल तर ८ तासांसाठीही दहाला डोळा लागायला हवा. घड्याळ पुढे आणि शाळा मागे, या कात्रीत मूल आधीच सापडलेले असते. त्यात दुपारी दोन तास गाढ झोप काढली की साठलेले अ‍ॅडिनोसिन उतरते आणि रात्रीची पेंग आणखी लांबते. आपल्याकडे दुपारची झोप मोडायला कोणी सांगू नये, पण ती अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत उरकलेली असावी.

मर्यादा: वजनाला ३ ने गुणा

युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ मध्ये मुलांसाठी आणि किशोरांसाठी दिवसाला दर किलो वजनामागे ३ मिलिग्रॅम हा आकडा दिला. ४० किलोला १२०, ५० किलोला १५०, ६० किलोला १८०. धडधाकट प्रौढासाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, आणि एका वेळी २०० पेक्षा जास्त नाही. आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद (आयसीएमआर) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नका असे म्हटले आहे. कॅनडा मुलांसाठी दर किलोमागे २.५ मिलिग्रॅमच धरते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०११ मध्येच सांगितले की लहान आणि किशोरवयीन मुलांच्या आहारात एनर्जी ड्रिंकला जागाच नाही.

यातला ३ चा आकडा प्रौढांच्या अभ्यासांवरून मुलांना लावलेला आहे, कारण मुलांवरचे पुरेसे अभ्यास नव्हते. म्हणून ती कमाल रेषा समजावी. तिथपर्यंत खुशाल पाजावे असा त्याचा अर्थ नाही. शिवाय तो पूर्ण दिवसाचा हिशेब आहे. झोपेचा हिशेब वेगळा आणि जास्त कडक आहे. झोपेच्या जवळ दर किलोमागे सुमारे १.४ मिलिग्रॅम गेले तरी काही प्रौढांना झोप लागायला उशीर होतो, असे त्याच प्राधिकरणाने नोंदवले आहे. हाच दर ४५ किलोच्या मुलीला लावला तर ६३ मिलिग्रॅम होतात, म्हणजे एका बाटलीपेक्षाही कमी. दिवसाची बेरीज मर्यादेत असलेले मूलही रात्री टक्क जागे राहू शकते, आणि पालकांच्या हिशेबात नेमकी हीच गोष्ट सुटते.

घरच्या चहात किती? डब्यावरून काढा

आयसीएमआरच्या मार्गदर्शिकेतले आकडे असे आहेत: १५० मिली चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम, तेवढ्याच इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५, गाळलेल्या कॉफीत ८० ते १२०. चहाच्या आकड्यात दुपटीचा फरक आहे, कारण प्रत्येक घरचा चहा वेगळा. आपल्या घरचा आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. चहापावडरीचा डबा किती दिवस पुरतो ते पाहा.

समजा अर्धा किलो पावडर चौघांना महिनाभर पुरते आणि प्रत्येक जण रोज दोन कप घेतो. महिन्याचे २४० कप झाले. ५०० ग्रॅमला २४० ने भागा: कपाला दोन ग्रॅमच्या किंचित वर. चहाच्या पानात वजनाच्या साधारण अडीच ते चार टक्के कॅफीन असते. दोन ग्रॅममध्ये ५० ते ८०. आपण वापरतो ती दाणेदार पावडर बारीक असल्याने आणि आपण चहा खळखळ उकळत असल्याने त्यातले बरेचसे पाण्यात उतरते. काही चोथ्यात राहते. म्हणजे या घरचा कप ४० ते ६० च्या दरम्यान धरायला हरकत नाही. हाच अर्धा किलो दोन महिने जात असेल तर आकडा निम्मा. पातेल्यात उरलेल्या चहात पाणी-दूध घालून पुन्हा उकळण्याची सवय असेल तर आणखी थोडे चढते.

दूध जास्त घातले म्हणून कॅफीन कमी होत नाही. ते पावडरीवर ठरते, रंगावर नाही. कप मोठा असेल तर मात्र फरक पडतो. स्टीलचा मोठा पेला २०० मिलीच्या पुढे जातो आणि गाड्यावरचा कागदी कप ८०-१०० मिलीचा असतो. एकदा घरचा कप पाण्याने भरून मापात ओतून पाहावा. बहुतेकांना आपल्या कपाचे माप ठाऊक नसते.

इन्स्टंट कॉफीचा हिशेब आणखी सोपा. शुद्ध इन्स्टंट कॉफीत आपल्या कायद्याने किमान २.८ टक्के कॅफीन असावे लागते. सपाट चमचा दोन ग्रॅमचा धरला तर ५६ मिलिग्रॅम किंवा थोडे जास्त. शीग लावून घेतलेला चमचा सहज तीन ग्रॅमचा असतो. बाटलीवर चिकोरीचे प्रमाण लिहिलेले असेल, उदाहरणार्थ ३० टक्के, तर तेवढा भाग वजा करा, कारण चिकोरीत कॅफीन नसते. परीक्षेच्या दिवसांत मुले चवीसाठी चमचा वाढवत जातात. म्हणून किती मग प्यायला यापेक्षा बरणी किती दिवसांत संपली, याची नोंद जास्त खरी.

पणजी-मडगावच्या कॅफेतली कोल्ड कॉफी मुलांना मिल्कशेकसारखी वाटते. त्यात एस्प्रेसोचा एक शॉट असेल तर ६० मिलिग्रॅमच्या वर आणि दोन असतील तर १२० च्या वर जाते. आइस्क्रीम आणि चॉकलेटच्या सिरपात कडवटपणा लपतो. मागवताना ‘शॉट एक की दोन’ एवढे विचारायला मुलांना शिकवले तरी पुरे.

बाटलीवरचे बारीक अक्षर

आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआय) नियमांप्रमाणे ज्याला आपण एनर्जी ड्रिंक म्हणतो ते ‘कॅफिनेटेड बेव्हरेज’. त्यात लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफीन असते. यावरून कोणत्याही मापाचा कमाल आकडा काढता येतो: २५० मिलीत ७५, ३५० मिलीच्या डब्यात १०५, अर्ध्या लिटरात १५०. बाजारात मुलांच्या हातात दिसणारी बहुतेक पेये या वरच्या टोकाजवळ असतात. लेबलवर आकडा असतो, पण तो कधी १०० मिलीचा असतो, कधी २५० मिलीचा. ‘२९ मिलिग्रॅम’ वाचून कोणी निर्धास्त होतो. ते १०० मिलीचे असेल तर बाटलीत त्याच्या अडीचपट आहे.

त्याच लेबलवर ‘हाय कॅफीन’ असे लिहावे लागते. दिवसाला ५०० मिलीपेक्षा जास्त घेऊ नये, आणि लहान मुले, गरोदर व स्तनदा माता, कॅफीनचा त्रास होणारे आणि खेळाडू यांनी घेऊ नये, अशी सूचनाही असते. यात दोन अडचणी आहेत. ‘लहान मूल’ म्हणजे किती वर्षांपर्यंत हे तिथे लिहिलेले नसते. पंधरा वर्षांचा, मिसरूड फुटलेला मुलगा स्वतःला त्यात धरत नाही, आणि दुकानदारही धरत नाही. दुसरी अडचण ५०० मिलीची. तो आकडा प्रौढाचा आहे. ४५ किलोच्या मुलाने तेवढे घेतले तर १५० मिलिग्रॅम होतात आणि त्याची मर्यादा १३५ आहे. लेबलचे अक्षरशः पालन करूनही तो पुढे गेला.

काही डब्यांवर ग्वाराना हा शब्द दिसतो. ते एका वेलीचे बी आहे आणि त्यातही कॅफीनच असते. ‘नैसर्गिक’ शब्दाने त्यात फरक पडत नाही. साखर नसलेल्या प्रकारांतही कॅफीन तेवढेच असते.

साध्या कोलात १०० मिलीला सुमारे १० मिलिग्रॅम. लेबलवर बहुधा ‘कॅफीन आहे’ एवढाच उल्लेख सापडतो. ग्रीन टीचा कप २०-३०. पन्नास ग्रॅम डार्क चॉकलेटमध्ये २५ च्या आसपास, दुधाच्या चॉकलेटमध्ये १०. ही सगळी किरकोळ भर आहे आणि तिच्यामागे लागून घरात वाद घालू नये.

ज्याच्यामागे लागावे अशा गोष्टी दुसऱ्याच आहेत. व्यायामशाळेत जाणारी अकरावी-बारावीची मुले व्यायामाआधी घ्यायची पावडर वापरतात. तिच्या एका मापात १५० ते ३०० मिलिग्रॅम असू शकते, आणि व्यायामशाळेची वेळ बहुधा संध्याकाळची. मुलाने असा डबा आणला असेल तर मागच्या तक्त्यात कॅफीनचा आकडा शोधा. आकडा नसेल आणि फक्त ‘विशेष मिश्रण’ अशा अर्थाचे काही लिहिले असेल तर तो डबा परत करा. शुद्ध कॅफीनची सुटी पावडर घरात येताच कामा नये. तिचा एक लहान चमचा सुमारे २८ कप कॉफीएवढा असतो, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने दिला आहे. एकदम १२०० मिलिग्रॅम गेले तरी झटके येऊ शकतात. तेवढी पावडर स्वयंपाकघरातल्या चमच्याने मापताच येत नाही.

आणि डोकेदुखीच्या गोळ्या. दुकानात सहज मिळणाऱ्या काही गोळ्यांत वेदनाशामकाबरोबर ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. रोज कॅफीन घेणाऱ्याने ते अचानक थांबवले की १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, दुसऱ्या दिवसाच्या आसपास ते सर्वांत जास्त ठणकते आणि त्रास दोन ते नऊ दिवस राहू शकतो. रविवारी मूल दहापर्यंत झोपते, सकाळचा चहा चुकतो, शिकवणी नसल्याने बाटलीही नसते, आणि संध्याकाळी डोके धरून बसते. आई गोळी देते. गोळीत कॅफीन असल्याने डोके दुखायचे थांबते. गोळी लागू पडली असे सगळ्यांना वाटते आणि सोमवारपासून पुन्हा तेच. डोळे तपासून झाले, चष्म्याचा नंबर बदलला नाही, तरी सुटीच्या दिवशीच डोके दुखते, अशी तक्रार असेल तर आधी आठवड्याचे कॅफीन लिहून काढा.

आणखी कुठे बिघडते

परीक्षेची भीती आणि कॅफीनची जास्त मात्रा यांची लक्षणे सारखी असतात: छातीत धडधड, हात थरथरणे, तळव्यांना घाम, पोटात गोळा, वारंवार लघवी, चिडचिड. त्यामुळे घाबरलेल्या मुलाला ‘जरा तरतरी येऊ दे’ म्हणून कडक कॉफी देणे म्हणजे त्याची भीती वाढवणे. पेपरच्या दिवशी सकाळी नेहमीचा एक कप चहा चालेल. रोज न घेणाऱ्याने त्याच दिवशी पहिल्यांदा बाटली पिऊन जाऊ नये. तीन तासांच्या पेपरात लघवीला जायची वेळ येते ती वेगळीच.

मुलींच्या बाबतीत रक्ताचा विचार करा. चहातले टॅनिनसारखे घटक डाळी, पालेभाज्या, नाचणी यांतले लोह आतड्यात शोषले जाऊ देत नाहीत. हा दोष कॅफीनचा नाही, चहाचा आहे, पण कप तोच. जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी नको, असे २०२४ ची मार्गदर्शिका सांगते. शाळेतून मिळणारी लोहाची निळी साप्ताहिक गोळी चहाबरोबर घेतली तर निम्मी वाया गेली असेच समजावे. ती पाण्याबरोबर, जमल्यास लिंबू किंवा आवळ्याबरोबर घ्यावी.

मैदानावरचे आणखी एक. संध्याकाळी दमट हवेत फुटबॉल खेळून आलेल्या मुलाच्या अंगातून पाणी आणि मीठ गेलेले असते. त्याला पाणी आणि मीठच द्यायचे असते. एनर्जी ड्रिंकमध्ये साखर दाट असल्याने ते पोटातून सावकाश पुढे सरकते, मीठ पुरेसे नसते, आणि आधीच जलद चाललेल्या हृदयाला आणखी टोचणी बसते. खेळाडूंनी घेऊ नये हे लेबलच सांगते. मीठ घातलेले तिवळ, लिंबाचे सरबत, शहाळे, नाहीतर साधे पाणी आणि दोन केळी, यांवर काम भागते.

दिवाळीआधी वाड्यावाड्यांवर नरकासुर बांधायला मुले कितीतरी रात्री जागतात, आणि चतुर्दशीच्या आदल्या रात्री तर पहाटेपर्यंत. चवथीच्या आरत्या, जत्रा, फेस्ते असतातच. हे मुलांनी करूच नये असे सांगण्यात अर्थ नाही, आणि तसे सांगू नयेही. त्या दिवशी दुपारी दोन तास झोपवा, सोबत खाणे आणि पाणी द्या, आणि एकापेक्षा जास्त बाटली नको हे आधीच ठरवून घ्या. एकामागून एक दोन-तीन बाटल्या पोटात जाण्याची वेळ अशाच रात्री येते. आणि पहाटे त्याला आणायला जा. जागरणानंतर कॅफीनवर जागे असलेले पोर दुचाकीवर अचानक डुलकी घेते, कारण रुमाल तेव्हाच उचलला जातो. मोठ्या मुलांशी दारूबद्दलही स्पष्ट बोलावे. एनर्जी ड्रिंकमध्ये मिसळलेली दारू चढल्यासारखी वाटत नाही, पण रक्तातली दारू तेवढीच असते.

शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ विकू नयेत, असा एफएसएसएआयचा २०२० चा नियम आहे. फाटकासमोर असे गाडे दिसले तर पालक-शिक्षक संघाने मुख्याध्यापकांमार्फत राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाला लिहावे. पण बाटली मुख्यतः शिकवणीच्या वाटेवर विकत घेतली जाते, आणि शिकवणीच्या दारात घालायला असा नियम नाही. तिथे शिकवणी घेणाऱ्या सरांशी किंवा बाईंशी पालकांनी मिळून बोलणे, वर्गात पाण्याची सोय आहे का पाहणे आणि मुलाबरोबर खाऊचा डबा देणे, हेच हातात आहे. चारच्या चहानंतर नऊपर्यंत पोटात काही नसेल तर बाटलीच्या वीस रुपयांमागे निम्मी तरी भूक असते.

मोजा, मग सरकवा, मग कमी करा

पहिले तीन दिवस काहीच बदलू नका, फक्त लिहा. एक शनिवार-रविवार त्यात यावा. काय, किती वाजता, केवढा कप, आणि झोप किती वाजता लागली. मुलालाच लिहू द्या आणि आई-बाबांनीही आपापले लिहावे, नाहीतर ती चौकशी होते. ‘तू काय काय पितोस?’ या प्रश्नाला मुले बंद होतात. ‘काल झोप कितीला लागली रे?’ याचे उत्तर बहुधा खरे मिळते. बाटलीचा उल्लेख आला तर तोंड वाकडे करू नका. पुढच्या वेळी तो उल्लेख येणार नाही.

मग वेळ सरकवा. मात्रा तीच ठेवून शेवटचा मोठा घोट दुपारी दोनच्या आत आणा. चारचा चहा सुटणार नाही, आणि घरात सगळे पीत असताना एकट्या मुलाला नको म्हणणे अवघडच. तो अर्धा कप करा, त्यातून वीस-पंचवीस मिलिग्रॅम जातील, बहुतेक मुलांना तेवढे चालते. संध्याकाळची बाटली आणि रात्रीची कॉफी या दोन गोष्टी मात्र त्या वेळेवरून आधी हलायला हव्यात. रात्री काही गरम हवेच असेल तर आले घातलेले दूध किंवा बिनचहाचा गवती चहाचा काढा द्या. पहिल्या आठवड्यात एवढेच.

दुसऱ्या आठवड्यापासून दर तीन-चार दिवसांनी एकूण मात्रेतला चौथा हिस्सा कमी करा. चहात पावडर कमी घाला, दोन चमच्यांच्या जागी दीड. सगळ्या घराचीच पावडर कमी होऊ द्या. एकदम बंद करू नका, वर सांगितलेली डोकेदुखी सुरू होते आणि प्रयोग तिथेच मोडतो. या काळात डोके दुखले तर नुसते पॅरासिटामॉल, कॅफीन नसलेले, वजनाप्रमाणे.

छातीत अनियमित ठोके, खेळताना चक्कर किंवा शुद्ध हरपणे, किंवा घराण्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू, यांपैकी काही असेल तर एनर्जी ड्रिंक पूर्ण बंद ठेवून डॉक्टरांकडून ईसीजी काढून घ्या. दम्याची, लक्ष लागण्यासाठीची किंवा थायरॉइडची औषधे चालू असतील तर कॅफीनचा विषय डॉक्टरांकडे स्वतःहून काढा. बऱ्याचदा तो विचारला जात नाही. आणि मूल सतत उलट्या करत असेल, बरळत असेल, छातीतली धडधड थांबत नाही म्हणत असेल किंवा झटका आला असेल तर १०८ ला फोन करा. उलटी करवू नका. बाटल्या, डबा किंवा गोळ्यांचे पाकीट बरोबर घ्या, कारण म्हापसा-मडगावच्या जिल्हा रुग्णालयात असो की बांबोळीला गोवा वैद्यकीय महाविद्यालयात (गोमेकॉ), पहिला प्रश्न ‘काय आणि किती घेतले’ हाच असतो.

हे सगळे कधी करायचे, तर परीक्षेच्या किमान चार आठवडे आधी सुरुवात करावी. एक आठवडा मोजण्यात आणि वेळ सरकवण्यात, दोन कमी करण्यात, आणि एक झोप रुळावर यायला. पेपर तोंडावर आले असतील आणि हे आज वाचत असाल, तर मात्रेला हात लावू नका. फक्त संध्याकाळचे कॅफीन सकाळी आणि दुपारी हलवा. बाकीचे शेवटच्या पेपरनंतरच्या सोमवारी हाती घ्या.